खडी

काफुए रस्त्याच्या कडेला, लुसाका संपतं तिथे,
आई खडी फोडायची.
सायकलच्या ट्यूबचं एक कडं,
त्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या उडत नाहीत.
तरी उडायच्या.
एक उडाली डाव्या डोळ्यात. मी तेव्हा चौथीत.

दवाखान्यात रांग, मग पुढच्या महिन्याची तारीख,
मग डोळा पांढरा.
मी चाळीस दिवस प्रार्थना केली,
बोटांवर मोजून, एकही दिवस न चुकवता.
एकेचाळिसाव्या दिवशी आई म्हणाली,
"इनोंगे, एक पुरतो.
तुझ्या वह्या तपासायला दोन कशाला लागतात?"

वाचता तिला येत नव्हतं.
पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलंय का, एवढं बघायची,
आणि लाल शाई कुठे कुठे सांडलीय.
लाल फार असली की
वही मिटायची हळूच,
झोपलेल्या बाळावर चादर ओढावी तशी.

सातवीत दोनदा नापास झाले.
सियामे सरांनी वर्गासमोर सांगितलं,
"दगड आहेस तू. आईजवळ जाऊन बस,
तिथे तुझे भाऊबंद आहेत."
वर्ग हसला. मीही हसले थोडं,
न हसणं अंगावर आलं असतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. रडले नाही.
तिने हातोडी खाली ठेवली नाही.
ट्रक यायचा होता, दोन ढीग बाकी होते.
ठक. ठक.
मग म्हणाली, "सरांना दगडांचं काय ठाऊक?
हा बघ, वरून राखाडी, मुका.
याला शीर असते. ती सापडेपर्यंत
शंभर घाव वाया गेले असं वाटतं.
जात नाहीत."
ठक.
"आणि ज्याने त्या पहाटे थडग्यावरची शिळा लोटली
त्याला दगडांची सवय आहे, पोरी."

त्या वर्षी मंडळीने चर्च बांधायला काढलं.
कुणी पत्रे दिले, कुणी सिमेंटच्या गोणी,
मामा चिलेशेने तर शिवणयंत्र विकलं.
रविवारी नावं वाचली जायची, टाळ्या व्हायच्या.
आईने डोक्यावरून घमेलंभर खडी नेली,
दर शनिवारी एक, अकरा महिने.
तिचं नाव वाचायचं राहून गेलं.
मी चिडले. ती जेवत होती,
न्शिमाचा गोळा बोटांनी वळत म्हणाली,
"पायाची यादी कुणी वाचतं का?"

तिसऱ्यांदा पास झाले. काठावर.
ज्योत दिसली नाही, आकाशवाणी झाली नाही,
फक्त अपूर्णांकांच्या पेपरात
एकदा हात थांबला, डोकं कोरं झालं,
आणि कुठूनतरी ठक, ठक,
संथ, न थकणारं.
पुढचं मी लिहीत गेले.

आता त्याच शाळेत गणित शिकवते.
सियामे सर निवृत्त झाले, बाजारात भेटतात,
टोमॅटो निवडताना माझं नाव त्यांना आठवत नाही.
मी त्यांची पिशवी धरते.
क्षमा केली का?
रोज थोडी करते.
घमेल्या-घमेल्याने.

आई गेली, त्याला दोन पावसाळे झाले.
चर्चला आता रंग आहे, पंखे आहेत, फरशी गुळगुळीत.
गाणं सुरू होतं, सगळे उभे राहतात,
मी चपला काढते.
शेजारची बाई विचारते, पाय दुखतात का?
नाही म्हणते.
तळव्यांना गार लागतं, आणि खालून
काहीतरी घट्ट, खूप तुकड्यांचं,
मला धरून असतं.

वर्गात एक मुलगा आहे, लुबिंदा.
त्याला सगळे दगड म्हणतात.
उद्या त्याला पहिल्या बाकावर बसवायचं आहे.
शीर कुठे आहे
अजून सापडलेली नाही.