झाकण

ब्रिक्सहॅमच्या धक्क्यावर पहाटे साडेचारला
मी खेकड्यांचे कागद भरते.
वजन, जात, कुठल्या पाण्यातले,
पशुवैद्याची सही. एक रकाना चुकला
की अख्खा ट्रक फ्रान्सच्या बंदरात उभा,
आणि आत जिवंत माल मरत बसतो.

डेन्झिल म्हणतो, या कागदांनीच बुडवलं आपल्याला.
धाकटा पर्सी म्हणतो, बुडत तर आधीपासूनच होतो,
आता निदान समुद्र आपला आहे.
बोट एकच. पिंजरे वर ओढताना
तेवढे दोघं गप्प.

मग माझ्याकडे वळतात:
तुझ्याकडे आकडे आहेत ना? सांग.

आहेत की.
गेल्या महिन्यात साठ फॉर्म, दोन ट्रक परत.
त्यांची आई नाताळला दोनदा जेवते,
एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या,
त्याला रकाना नाही.
आणि एक आकडा मी सांगत नाही:
माझा पगार.
हे कागद नसते तर मी इथं कशाला असते?

आमच्याकडे म्हणतात,
खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही.
इथं लागतं. वर नंबराचं सील,
त्याखाली माझी सही, मराठी वळणाची.

आत खरवडणं चालूच.