फुटवाल

शेडबाळच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या रानात
कलव्वानं मला मोटार काढायला बोलावलं.
मोटार जळाली नव्हती.
चालू मोटार काढायची वेळ
आमच्या धंद्यात क्वचित येते.
"हितं आता पाणी कोण मागतंय," ती म्हणाली,
"वरच उभं हाय की."

चार एकर. नडगीभर पाणी.
कडेनं मिठाची पांढरी साय,
बांधावरच्या बाभळी जागच्या जागी वाळलेल्या,
आणि मधोमध तीस-बत्तीस रोहित पक्षी, माना खाली.

मी आधी पाय बघितले.
डावा, उजवा, डावा,
गाळ तुडवत, गोल फिरत
आपल्याच बुडालेल्या डोक्याभोवती.

मग चोच.
ती उलटी लावलेली, वरचा जबडा तळाला.
आत जाड जीभ, दट्ट्यासारखी:
मागं घेतली की पाणी आत,
पुढं ढकलली की बाहेर,
आणि कडेच्या बारीक दातऱ्यांत अडकून राहतं
ते तेवढं पोटात.
फेरे मोजायला गेलो, सात-आठवर चुकलो.
कुठल्या कारखान्यात जमेल ही जाळी?

"तेली केळग माडी उण्ताव," कलव्वा म्हणाली,
मग माझ्याकडं बघून मराठीत:
"जेवणाऱ्याकडं टक लावू नये म्हणत्यात.
पण ह्यांचं बरं हाय,
त्यांना आपुनच उलटं दिसतोय."

या विहिरीवर पहिली मोटार माझ्या बापानं बसवली,
साडेसातची.
तीनदा वायंडिंग मी केलं.
ऊस पीत गेला, आम्ही ओढत गेलो,
खालचं मीठ हळूहळू वर आलं.
आमची जाळी खडे अडवायची, शेवाळ अडवायची.
मीठ अडवणारी जाळी
मिरजेच्या दुकानात मी कधी विचारली नाही.

एक पिल्लू होतं, राखाडी.
रंग खाण्यातून चढतो म्हणे,
त्याचं अजून पुरेसं खाऊन झालं नव्हतं.
ते मोठ्यांच्या मागं मागं, पाय आपटायचं विसरत,
मधेच चोच सरळ धरून
पाण्याला काय म्हणावं या विचारात उभं.
मोठ्यांतल्या एकाच्या नाकपुडीतून थेंब ओघळला,
जादाचं मीठ.
त्यानं मान झटकली, परत खाली.

पाईप ओढला. फुटवाल वर आला,
जाळीवर पांढरी खपली.
"भंगारात घाल जा," ती म्हणाली.
पण हाताची सवय.
मी वाकलो, मान खाली घातली,
फुटवाल तोंडाला लावून ओढून बघितलं.
वायसर धरत होता. अजून दहा वर्षं सहज.
थुंकलो. परत थुंकलो.
त्या तिथं एकानं डोकं वर काढून
माझ्याकडं बघितलं असावं,
किंवा मागून गेलेल्या पॅसेंजरकडं.

मजुरी तीनशे सांगितली, अडीचशे घेतली.
कलव्वा दगडावर बसूनच राहिली.
"रात्रीबी खात्यात," म्हणाली, "झोप न्हाई आली की येतो मी.
दिसत न्हाईत. नुसता आवाज."

उगारपर्यंत गाडीच्या डिकीत फुटवाल खडखडत होता
आणि जीभ
दातांच्या मागं फिरत होती,
आत, बाहेर,
काहीतरी बारीक अजून अडकलंय तिथं
ते शोधत.