पाण्यात गेलेलं यंत्र

भाव शेवटी सांगतो. आधी खोडी ऐका.

तुमचा पहिला प्रश्न ठाऊक आहे मला,
सांगलीत जुनी सायकल घेतानाही तोच विचारतात:
पाण्यात गेलंय का?
गेलंय.
एकोणीस साली, याच दुकानात, कमरेपर्यंत.
बाकं तरंगत मागच्या गल्लीत गेली,
हे जागचं हललं नाही.
डाव्या पायावर गाळाची रेघ आहे,
पॉलिशवाल्याला मी ती पुसू दिली नाही.
खोडीत धरा नाहीतर नक्षीत, तुमची मर्जी.

खेळ अमेरिकेचा. नियम मला आजही नीट येत नाहीत.
काचेखाली हिरवं मैदान, मध्ये भोक,
भोकातून पोलादी गोळी घरंगळत येते,
बटण दाबलं की बोटभर लाकडी बॅट फिरते.
गोळी चढणीवरून उडून मागच्या खणात पडली
की पत्र्याचे गडी साखळीवरून सुटतात
आणि जिथून निघाले तिथंच परत येतात.
एवढ्यासाठी चार आणे.

मिरजेत कुणी गोरा डॉक्टर होता,
त्यानं जाताना ते कंपाउंडरला दिलं.
योहान लोंढे.
त्यांनी कानस घेऊन नाण्याची फट घासली,
आपले चार आणे जातील एवढी,
आणि हातगाडीवर घालून तासगावच्या रथाला नेलं.
बेसबॉल म्हटलं तर कोण थांबणार?
ते ओरडायचे, अमेरिकेचा इट्टीदांडू!
गडी पहिल्या खुणेवर आला की वकट,
दुसरीवर लेंड, तिसरीवर मूंड,
घरी पोचला की अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असं
नाल!

मी सहावीत होतो.
आईनं पेढ्यासाठी दिलेला रुपया मोडला,
चार डाव खेळलो, एकही गडी घरी आला नाही.
लोंढे म्हणाले, उपाध्यांचा ना तू?
आधीच दाबतोस. गोळी येऊ दे की.
हे वाक्य मला पुढं पुष्कळदा आठवलं,
वेळेवर मात्र एकदाही नाही.

असो. मोटर नवी आहे.
कॉइल दस्तगीर अत्तारनं गुंडाळली,
त्याचा हात आता थरथरतो,
तेव्हा पुन्हा जळाली तर मला फोन करू नका.
नऊ गड्यांतला एक पुरात गेला,
दस्तगीरनं शेंगतेलाच्या डब्यातून दुसरा कापला.
पाठीवर त्याच्या 'शुद्ध' एवढंच उरलंय.
तुम्ही ओरिजनल ओरिजनल म्हणताय म्हणून सांगतो,
नऊजणांत सगळ्यात सरळ तोच पळतो.

यंत्र मी लोंढ्यांच्या लेकीकडून आणलं, सुगंधाबाईंकडून.
गल्ल्याची किल्ली नव्हती. छिन्नी लावली.
आत एक्क्याऐंशी चवल्या-पावल्या,
एक मेलेलं झुरळ,
आणि पितळेची तीन बटणं,
शाळेच्या खाकी चड्डीची.

पाचव्या डावाचं मी तुम्हाला सांगितलंच नाही.
पाचव्या डावाला माझा गडी घरी आला होता.
लोंढे 'नाल' म्हणून ओरडले, पाठ थोपटली,
आणि मी एका हातानं चड्डी धरून
रथाच्या गर्दीत घुसलो.

चार आणे सरकारनं कधीच बंद केले,
म्हणून दोनशे नाणी पिशवीतून बरोबर देतो.
त्यात बटणंही आहेत. दोन.

पंच्याऐंशी हजार.
दोन कमी करीन, तीन नाही.
न्यायला चार माणसं आणा,
पायाला धरा, काचेला हात नको.
वाटेत कराडपर्यंत गोळी आत गडगडत राहील,
काही तुटलं नसेल,
गाडी थांबवून बघू नका.