कळ

वार्धक्यशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात
आम्हाला म्हातारपण अंगात घालायला देतात :
मनगटांना शिशाच्या पट्ट्या, गुडघे आवळणारे पट्टे,
पिवळट काचांचा चष्मा, कानांवर बोंडं.
वर्गातली पोरं तेविशी-चोविशीची,
जिना चढताना खिदळतात.
मी बावन्नची. कागद कारखाना बंद पडल्यावर
पुन्हा दप्तर उचललेली.
तो चष्मा काढल्यावरही मला
फळ्यावरचं फारसं स्वच्छ दिसलं नाही.
ते मी कुणाला सांगितलं नाही.

प्रबंधासाठी मला साठ माणसं हवीत
आणि प्रत्येकाची तीन मीटर चाल.
खुर्चीतून उठायचं, फरशीवरच्या निळ्या पट्टीपर्यंत जायचं,
वळायचं, यायचं, बसायचं.
घड्याळ माझ्या हातात. विद्यापीठाचं, सही करून घेतलेलं.

खोली चौदा. लेंपी हाकुलिनेन, वय एक्याण्णव.
बाहेर मार्च, सरोवर अजून गोठलेलं,
बर्फाला भोक पाडून एक माणूस
पालथ्या बादलीवर बसलेला, माशाची वाट बघत.
मी म्हटलं, ‘उठा.’
ती हातांवर भार देत उठली, अर्धीच, परत टेकली,
गुडघ्यातून कळ गेली असावी, ओठ मिटले,
मग उठली.
तेव्हा मी कळ दाबली.

गेली, वळली, आली, बसली.
‘सोळा पूर्णांक दोन,’ मी म्हटलं. ‘छान!’
‘छान काय, डोंबल,’ ती म्हणाली.
‘“उठा” म्हणालीस तिथून वेळ सुरू.
तू मला पाच सेकंद फुकट दिलीस.
भीक मागितली होती मी?’

मग कळलं,
तिने एकतीस हिवाळे गावच्या स्की-शर्यतींची वेळ घेतली होती,
उणे पंचविसात, उजवा हातमोजा काढून,
कारण लोकरीतला अंगठा खोटं बोलतो.
सख्ख्या भावाला तिने
एका दशांशाने दुसरा ठरवला.
‘नऊ वर्षं बोलला नाही माझ्याशी.
वेळ बरोबर होती.’

पुन्हा घेतली.
एकवीस पूर्णांक सात.
मी आकडा लिहिला तो तिने भिंग धरून तपासला,
आणि हात पुढे केला : ‘आण ते इकडे.’

एका हाताने गळ्यातली लाल कळ दाबली,
मदतीला बोलवायची,
दुसऱ्याने घड्याळाची.
आम्ही बसलो.
बादलीवरच्या माणसाने जागा बदलली.
बाहेर चाकांचा आवाज जवळ आला, लांब गेला.
मी काहीतरी बोलायला गेले, तिने बोट वर केलं.
शर्यत चालू असताना बोलायचं नसतं.

अकरा मिनिटं, चाळीस सेकंद, तीन दशांश.
दारात रोवेना, धापा टाकत, बाह्या ओल्या.
चौतीस खोल्या, आणि आज त्या दोघीच.
‘जरा कळ काढायची ना, लेंपी. काय हवंय?’
‘काढली की,’ लेंपी म्हणाली. ‘काही नको.’
आणि खिशातून खारट काळ्या गोळ्यांची डबी काढून
तिच्यापुढे धरली.
रोवेनाने दोन घेतल्या. एक गालात, एक पुढच्या खोलीसाठी.

काल प्राध्यापक सोइनींनी माझा तक्ता पाहिला.
‘हा नववा रकाना कसला? आराखड्यात नाही.’
‘नव्हता,’ मी म्हटलं.
‘मोजमाप प्रशिक्षित व्यक्तीनेच घेतलंय ना?’
मी नाव सांगितलं. अनुभव, एकतीस हिवाळे.
ते आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.
त्यांची आईही कुठेतरी उत्तरेला
अशाच एका खोलीत आहे म्हणतात, मला नक्की माहीत नाही.

अजून एकोणसाठ माणसं बाकी आहेत.
साठवणीच्या वहीत माझ्या नावापुढे
‘घड्याळ परत’चा चौकोन रिकामा.
ते तिच्याकडेच आहे.