आम्ही की आपण

गुन्वोर स्टेनबॅकच्या पुस्तकात
पहिल्याच ओळीत एक शब्द आहे, 'वी'.
म्हणजे आम्ही. किंवा आपण.
स्वीडिशला फरक पडत नाही.
मराठीत मात्र
समोरच्याला धरायचं की वगळायचं
हे ठरवल्याशिवाय
अनेकवचनी होता येत नाही.

बाई लोखंडाच्या गावात जन्मली.
बाप भट्टीवर हिशेबनीस.
घरात साखरेचं भांडं चांदीचं,
आणि ही साखर कुठल्या बेटावरची, असं विचारलं तेव्हा
आजीने चमचा बोटांवर मारला.
एवढं एक वाक्य लिहायला
तिला चाळीस वर्षं लागली आणि सात पुस्तकं.

आपल्या देशाने कुणाचं काही घेतलं नाही
असं शाळेत शिकवायचे.
ती बंदरांतल्या चोपड्या वाचत बसली :
सळ्या किती, कोणत्या जहाजावर चढल्या,
एका माणसामागे किती सळ्या मोजून दिल्या.
आधी सळ्यांच्या मागे गेली, मग माणसांच्या,
मग वाळवंटाच्या कडेच्या एका गावात
एका म्हातारीने तिच्या तळहातावर
पितळेची रिकामी पुंगळी ठेवली.
बुडाशी दोन अक्षरं.
ती अक्षरं हुडकत बाई खडकीला आली.

डिसेंबर होता. पायांत जाड बूट,
पुंगळी रुमालात गुंडाळलेली.
मी तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवायचे
आणि हौसेने स्वीडिश शिकत होते,
एकीचा हात धरून दुसरी, ठेचकाळत.
फॅक्टरीच्या दाराशी शिपायाने वही मिटायला लावली.
फोटो नको, मॅडम. इथे थांबू नका.
मग आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन चहा घेतला.
तिने विचारलं, इथे कामाला कोण असायचं?

मी म्हणाले, लोक.

माझ्या आजोबांचा बिल्ला, नंबर एकोणीसशे बारा,
घरी बटणांच्या डब्यात होता.
बत्तीस वर्षं त्यांनी पुंगळ्यांत दारू भरली.
भात कालवताना बोटं पिवळी दिसायची,
हळद म्हणायचे, आम्ही हसायचो.
त्या पगारावर आई मॅट्रिक झाली,
आईच्या मॅट्रिकवर मी जर्मन शिकले,
आणि जर्मनवर हे भाषांतर.

तिला सांगितलं नाही.
लाज नव्हती, हिशेब जमत नव्हता.
साहेबाने भरून घेतलेली,
तिसऱ्याच कुणाच्या बरगडीत गेलेली गोळी,
तिचा भरणारा कुठे मांडायचा,
जमेला की खर्चाला?
चहाचे पैसे तिने दिले. मी देऊ दिले.

पत्रं येत राहिली. अक्षर बारीक होत गेलं,
शेवटचं शिसपेन्सिलीने :
कुठवर आलं?
तिसऱ्या प्रकरणापर्यंत, असं मी कळवलं.
उत्तर तिच्या भाच्याचं आलं, काळ्या किनारीचं.

पाच प्रकरणं मी 'आम्ही' लिहिलं.
आम्ही नेलं, आम्ही विकलं, आम्ही विसरलो.
सोयीचं होतं. व्याकरणाला धरून होतं.
त्यांचं त्यांच्या घरी.
सहाव्यात ती म्हातारी मूठ उघडते
आणि बाई लिहिते, हे 'वी' बनवलं.
तिथे 'आपण' लिहिलं.
खोडलं. चहा टाकला, उतू गेला.
पुन्हा लिहिलं.

नारायण पेठेतून प्रुफं आली.
पान एकशे सतरा, समासात हिरव्या शाईत :
आधी सर्वत्र 'आम्ही', येथे 'आपण'.
एकरूपता पाळावी. — हर्डीकर.

बटणांचा डबा काढला.
बिल्ला हातावर घेऊन वजन बघितलं.
पुंगळी केवढी जड होती
आता कुणाला विचारू?
हिरव्या शाईखाली लिहिलं :
असू दे.

दुसरी प्रुफं परवा आली.
हर्डीकरांनी 'आपण'भोवती
पुन्हा गोल केला आहे.