शेऱ्याचा रकाना

चरईतल्या आमच्या पतपेढीत
काउंटरला एक जागा. अर्ज एकशे सतरा.
मुलाखतीला बोलावल्या नऊजणी
आणि टेबलाच्या या बाजूला आम्ही तिघं:
देवस्थळी, शिर्के,
आणि एक बाई असावी म्हणून मी.

छापील तक्ता होता.
शिक्षण, अनुभव, संगणक,
शेवटी शेरा, बोटभर रुंद.

चौथी हर्षला भोईर, खारेगावची.
एक दात दुसऱ्यावर चढलेला,
गालांवर मुरुमांचे जुने खड्डे.
चक्रवाढ व्याज तिनं तोंडी सांगितलं,
शिर्क्यांच्या कॅल्क्युलेटरच्या आधी.
ती गेल्यावर देवस्थळी म्हणाले,
"हुशार आहे हो. पण काउंटरला..."
आणि पुढचं वाक्य हातानं बोलले,
दाबून पाहिलेलं वांगं
परत टोपलीत ठेवावं तसं.

तो हात माझ्या ओळखीचा.
शहाण्णव साली, ब्राह्मण सोसायटीतल्या एका हॉलमध्ये
मुलाची मावशी म्हणाली होती,
"मुलगी गुणी आहे."
आई तीन जिने उतरेपर्यंत खूश होती.
मला पहिल्याच पायरीवर कळलं.
देखण्या मुलीला
पहिल्या भेटीत कुणी गुणी म्हणत नाही.

म्हणून हर्षलासाठी मी भांडले. चांगली भांडले.
दहापैकी साडेआठ दिले,
मनातल्या मनात स्वतःलाही दोन-चार देऊन टाकले.

मग सातवी आली.
शलाका गुप्ते.
शिर्क्यांनी पेनाला टोपण लावलं.
देवस्थळींनी विचारलं, पाणी घेणार का?
आधीच्या सहाजणींना
तहान लागत असेल हे सुचलं नव्हतं कुणाला.
कुठे राहता, कशा आलात,
घोडबंदरला हल्ली फारच ट्रॅफिक, नाही का.
हिशेबाचं नावच नाही.

तेव्हा मी विचारलं.
मुद्दाम. अवघड करून:
तिमाही व्याज, मधे एक हप्ता चुकलेला,
दंड वेगळा.
तिनं कोरा कागद मागितला.
मान खाली घालून मांडत गेली,
हातचा घेताना ओठ हलायचे,
शाळेतल्या मुलीसारखे.
उत्तर आलं. पैशासकट बरोबर.

उठताना म्हणाली,
"बरं झालं मॅडम, विचारलंत.
मागच्या दोन्हीकडे
लग्न कधी करणार, एवढंच विचारलं."

मी हसले बहुतेक.
माझ्या कोपराखाली तक्ता होता.
त्यात मी लिहून ठेवलं होतं,
ती खुर्चीत नीट बसायच्या आधी,
शाईनं:
टिकणार नाही.

देवस्थळींचा हात निदान
सगळ्यांना दिसला होता.

पांढरा रंग फासला मी त्याच्यावर, फुंकर मारून वाळवला.
कागद ट्यूबलाइटसमोर धरला
तर मागून अक्षरं उलटी वाचता येत होती.

नोकरी तिसरीला लागली.
निकालाच्या दिवशी तिचा चेहरा
तिघांपैकी एकालाही आठवेना.
तिचा शेऱ्याचा रकाना कोरा होता.
देवस्थळी म्हणाले, एकमत झालं, चला, चहा मागवा.

शलाकाचं पुढे काय झालं, माहीत नाही.

हर्षला आली मार्चमध्ये,
आईच्या नावची मुदत ठेव मोडायला.
काचेपलीकडे उभ्या उभ्या म्हणाली,
अठरा रुपये कमी लागलेत.
नवी मुलगी म्हणाली, तपासून बघते हं.
मी आतूनच ओरडले, देऊन टाक, बरोबरच असणार तिचं.

ती वाकून आत बघायला लागली,
कोण बोललं ते.
मी उगाचच
कपाटातली फाइल शोधत राहिले.