दोनशे चौदा, दोनशे पंधरा

पहाटे पावणेपाचला, खारघरच्या डोंगराखाली
तू माझ्या छातीवर नंबर लावलास.
चार पिना, चारही तिरक्या.
दोनशे चौदा मी, दोनशे पंधरा तू.
फॉर्म तू भरला होतास, म्हणून मी आधी.
बरोबर जायचं असं ठरलं होतं,
जसं आपलं पुष्कळ काही ठरलेलं असतं:
गॅस तू बंद करायचा, कुलूप मी लावायचं,
आणि खाली उतरल्यावर दोघांनी मान वर करून
खिडकी बघायची.

पस्तीस किलोमीटर.
पहिल्याच चढाला तुझी पाठ
माझ्या बॅटरीच्या उजेडातून निसटली.
मी म्हटलं, जा.
मोठ्याने म्हटलं की मनात, ते आता आठवत नाही.

करवी वाळून काड्या झालेली.
सांडलेल्या ज्वारीसारखा मुरूम पायाखाली सरकत होता.
खाली सेक्टरांचे चौकोन दिव्यांनी आखलेले,
त्यातला एक आपला,
गॅलरीत चादर काढायची राहिलेली.
पलीकडे खाडी, अजून न उठलेली.

लॅबमध्ये मी दिवसभर पेशी मोजते.
बोटाखाली यंत्र टिकटिकतं,
शंभर झाल्या की घंटी वाजते.
इथे पावलं मोजली.
शंभराला घंटी वाजेना,
मग पुन्हा एकपासून.
कितीदा एकपासून, ते मोजलं नाही.

फणसवाडीत उजाडलं.
अंगणात चुलीपुढे बसलेल्या बाईने
आधी माझ्याकडे पाहिलं, मग मी आले त्या वाटेकडे.
"मागं कोण लागलंय का?"
"नाही."
"मग पळता कशाला?"
तिने उकडलेला कंद दिला, वर मिठाचा खडा.
मी उभ्यानेच खाल्ला.
तिला उत्तर द्यायचं राहिलंय.

चाफेवाडी मागे पडली तेव्हा
श्वास जमला.
तीन पावलं आत, दोन बाहेर.
उन्हं अंगावर आली होती, बाटलीत दोन घोट होते,
डाव्या अंगठ्याचं नख बहुतेक गेलेलं,
आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा
माझी चाल कुणाच्या चालीला
धरून नव्हती.
सुख होतं, असं म्हणणार नाही.
पण काहीतरी होतं, आणि ते सांडेल म्हणून
मी जपून पळत होते,
हातात काठोकाठ वाटी असल्यासारखी.

शेवटून दुसऱ्या चढावर तू दिसलास.
वाटेपासून दहा हातांवर, कातळावर, पाठमोरा.
एक बूट काढून खडा झटकत होतास.
मानेवर तो तीळ, त्याखाली घामाची पांढरी रेघ.
इतक्या जवळून
किती दिवसांत बघितलं नव्हतं तुला.

हाक मारायची होती.
"सुहास" म्हणायला एक श्वास लागतो, अख्खा.
तो मी दिला नाही.

तू अकरा मिनिटांनी आलास.
मुलाने गळ्यात घातलेलं पदक सरळ केलंस
आणि मला विचारलंस, "पोहे संपले का?"
संपले होते.
मी माझ्यातले अर्धे ठेवले होते, झाकून,
कागदाला तेल सुटेपर्यंत.

घरी एका घमेल्यात चार पाय.
मीठ जरा जास्तच पडलेलं.
शेजारच्यांकडे मिक्सर चालू होता,
तो थांबला की सांगू, असं ठरवलं मी.
थांबला.
मी चादरीचं काहीतरी बोलले.

तू वाकून माझा अंगठा बघत होतास,
नख कुठून कापायचं ते ठरवत.
"चढावर उजवा बूट घासतेस तू,"
खाली बघतच म्हणालास,
"लांबूनच कळतं."

आणि गरम पाण्याचा तांब्या
माझ्या बाजूला ओतलास.